न मारणाऱ्या रोगाची किंमत

वर्गात मागच्या बाकावर पेंगणारे, धड खेळतही नाही आणि धड शिकतही नाही असे एखादे मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. पुष्कळदा त्या मुलाच्या पोटात जंत असतात. जंतांनी ते मूल मरत नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे हजेरीच लागत असते. परंतु त्याने खाल्लेल्या घासात दुसरा वाटेकरी बसलेला असतो आणि त्या वाटेकऱ्याचे देणे मुलाची उंची, त्याची उमेद आणि त्याची स्मरणशक्ती यांतून वसूल होत राहते. २०१५ पासून देशात जंतनाशक दिन पाळला जातो, तो या न मारणाऱ्या रोगाची किंमत ओळखल्यामुळेच.

मृत्यू मोजता येतो, दौर्बल्य मोजता येत नाही. म्हणून मारणाऱ्या रोगाची दखल सरकार आणि समाज तत्काळ घेतात, आणि केवळ थकविणाऱ्या रोगाकडे दुर्लक्ष होते. माणसाच्या बाबतीत ही चूक थोडीबहुत सुधारली गेली. परंतु ज्यांच्या श्रमावर फळबागा, तेलबिया आणि रेशीम उभे आहे, त्या कीटकांच्या बाबतीत ती अद्याप चालूच आहे. मधमाशीच्या वा रेशमाच्या अळीच्या पोटातही परोपजीवी असतात, हे ऐकून एखाद्याला हसू येईल. वस्तुतः आधुनिक जंतुशास्त्राच्या पायाचा एक दगड अशाच एका अळीच्या आतड्यात सापडलेला आहे.

पाश्चर आणि बंद लखोटा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दक्षिण फ्रान्समधील रेशीम उद्योगावर एका रोगाने घाला घातला. १८५३ साली फ्रान्सने सुमारे २६ हजार टन कोष पिकविले होते. १८६५ पर्यंत हा आकडा चार हजार टनांवर घसरला. अळ्या वाढत नसत, त्यांचे आकार लहानमोठे राहत, अंगावर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके उमटत. त्या प्रांताच्या भाषेत मिरीला जो शब्द आहे त्यावरून या रोगाला 'पेब्रिन' हे नाव पडले. निरोगी अंडी मिळविण्यासाठी व्यापारी देशोदेशी हिंडले, आणि शेवटी थेट जपानातून अंडी आणण्याची पाळी आली. साडेतीन हजारांहून अधिक नगराध्यक्ष, सभासद आणि बागायतदार यांनी सह्यांचा अर्ज फ्रान्सच्या सीनेटकडे पाठविला. तेव्हा रसायनशास्त्रज्ञ द्यूमा यांनी आपला शिष्य लुई पाश्चर याच्या गळ्यात हे काम घातले.

पाश्चरने तोवर रेशमाच्या अळीला हातही लावला नव्हता. १८६५ मध्ये आलेस गावी जाताना तो आव्हिन्याँ येथे कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांना भेटला. फाब्र यांनी हातात दिलेला कोष त्याने कानाशी नेऊन हलविला आणि आत काही आहे काय, अशी पृच्छा केली. हा प्रसंग फाब्र यांनीच पुढे लिहून ठेवला आहे. इतक्या अज्ञानातून सुरुवात करणाऱ्या माणसाने पाच वर्षांत रेशीम उद्योगाला तारण्याचा मार्ग दाखवावा, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण घटना होय.

रोगट अळ्यांच्या शरीरात लांबट, चकचकीत कण दिसतात, हे इटलीतील संशोधकांना आधीच ठाऊक होते. १८५७ मध्ये नेगेली यांनी या कणांचे 'नोसेमा बॉम्बिसिस' असे नामकरणही केले होते. पाश्चर मात्र आरंभी चुकला. हे कण रोगाचे कारण नसून रोगाचे लक्षण आहे, असे त्याचे मत झाले आणि जवळजवळ दोन वर्षे तो त्या मताला धरून राहिला. परंतु कारण काहीही असो, ज्या मादीच्या शरीरात हे कण आहेत तिच्या अंड्यांवर विसंबता येत नाही, इतके त्याने ओळखले होते. त्याची रीत अगदी साधी होती. प्रत्येक मादी पतंगाला अंडी घालण्यासाठी कापडाचा वेगळा तुकडा द्यावयाचा; अंडी घालून झाल्यावर मादी खलात पाण्याबरोबर कुटावयाची आणि तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. कण दिसले तर तिची सारी अंडी जाळावयाची, न दिसले तर राखावयाची.

या रीतीची त्याने घेतलेली परीक्षा आजच्या संशोधकांनीही नमुना म्हणून पाहावी अशी आहे. १८६६ साली त्याने अंड्यांच्या चौदा गटांची मातृपिढी तपासून प्रत्येक गटाचे भवितव्य काय होईल ते कागदावर लिहिले आणि तो कागद बंद लखोट्यात घालून सेंट हिपोलिटच्या नगराध्यक्षाकडे ठेवून दिला. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांचे निकाल हाती आल्यावर लखोटा फोडण्यात आला, तेव्हा चौदांपैकी बारा भाकिते तंतोतंत खरी ठरली होती. उरलेल्या दोहोंत संपूर्ण नाशाऐवजी निम्मे पीक आले.

ही पाच वर्षे पाश्चरच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाची होती. या काळात त्याचे वडील गेले, दोन मुली गेल्या, आणि १८६८ मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघाताने त्याचे डावे अंग लुळे पडले. तरीही काम थांबले नाही. १८७० साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर हे कण म्हणजेच रोगाचा जिवंत, संसर्गजन्य हेतू, हे त्याने मान्य केले होते आणि पेब्रिनबरोबर 'फ्लॅचरी' हा पचनसंस्थेचा दुसरा स्वतंत्र रोगही नांदत असल्याचे सिद्ध केले होते. आपली पहिली समजूत पुराव्यापुढे सोडून देण्याचा हा प्रांजळपणा त्याच्या शोधाइतकाच मोलाचा आहे.

आतड्यात घडते काय?

नोसेमाचा बीजाणू म्हणजे निसर्गाने घडविलेली एक सूक्ष्म पिचकारीच आहे. त्याच्या आत एक लांब, पोकळ नळी गुंडाळी करून बसविलेली असते. तुतीच्या पानाबरोबर हा बीजाणू अळीच्या मधल्या आतड्यात पोचला की ती नळी झटक्यासरशी बाहेर पडते, आतड्याच्या पेशीला भोक पाडते आणि बीजाणूतील जिवंत द्रव्य पेशीत सोडते. पेशीच्या आत परोपजीवी वाढतो, विभागतो, आणि पेशी फुटली की शेकडो नवे बीजाणू मोकळे होतात. काही विष्ठेवाटे बाहेर पडून पानांवर पसरतात. पेब्रिनच्या बाबतीत काही शरीरभर पसरून थेट मादीच्या अंडाशयात शिरतात. म्हणून हा रोग आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. पूर्वी आदिजीवांत गणला जाणारा हा वर्ग आता बुरशीचा नातलग मानला जातो.

मधमाशीतही या वर्गाचे परोपजीवी आढळतात. युरोपीय मधमाशीतील 'नोसेमा एपिस' याचे वर्णन त्सांडर यांनी १९०९ मध्ये केले. १९९६ साली दुसरी एक जात पूर्वेकडील मधमाशीत सापडली आणि त्या माशीच्या शास्त्रीय नावावरून तिला 'नोसेमा सेराने' म्हटले गेले. ही पूर्वेकडील माशी म्हणजे आपल्या सह्याद्रीतील सातेरीचीच जात. पुढे २००५-०६ च्या सुमारास हाच परोपजीवी तैवान आणि स्पेन येथील युरोपीय मधमाश्यांत आढळला, आणि तपासू लागताच तो जगभर पसरलेला असल्याचे दिसून आले. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याचे कुलनाव बदलले असले तरी त्याचे काम बदललेले नाही.

काम कोणते? आतड्याच्या पेशी निकामी झाल्यामुळे माशीला खाल्लेले पचत नाही आणि ती सतत भुकेली राहते. निरोगी माशीपेक्षा ती साखर अधिक खाते, तरी तिच्या अंगी शक्ती राहत नाही. तरुण कामकरी माशीच्या डोक्यातील ज्या ग्रंथींत पिलांसाठी अन्नरस तयार होतो, त्या ग्रंथी नीट वाढत नाहीत. जिने अजून पोळ्यात राहून पिलांची शुश्रूषा करावयाची, ती अकालीच मध गोळा करण्यास बाहेर पडते आणि लवकर मरते. पोळ्याच्या दाराशी मृत माश्यांचा खच पडत नाही. बाहेर गेलेल्या माश्या परत येत नाहीत, इतकेच. मधपाळाला कळते ते पेटी हलकी लागू लागल्यावर.

अर्थात आतड्यात परोपजीवी सापडला की तोच अपराधी, असा निवाडा देण्याची घाई करू नये. १९०६ पासून इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर आणि नंतर साऱ्या ब्रिटनमध्ये मधमाश्यांची वसाहतीमागून वसाहत नष्ट झाली, तेव्हा आधी नोसेमाला दोषी धरण्यात आले. १९२१ मध्ये माशीच्या श्वासनलिकेत राहणारा एक कोळीवर्गीय जीव सापडला आणि दोष त्याच्यावर गेला. पुढे रॉथम्स्टेड येथील बेली यांनी विषाणू, हवामान आणि अन्नटंचाई यांच्याकडे बोट दाखविले. एकाच कारणाचा शोध मनाला समाधान देतो. सत्य बहुधा अनेक कारणांच्या गाठीत असते.

लठ्ठ झालेला चतुर

परोपजीवी पेशीत न शिरताही शरीराचा कारभार कसा बिघडवितो, याचे उदाहरण अमेरिकेतील शिल्डर व मार्डन या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. तळ्याकाठी विजेच्या चपळाईने उडणारा चतुर सर्वांच्या परिचयाचा आहे. नर चतुर तळ्याचा एखादा टापू आपला म्हणून राखतो, आगंतुक नरांना हुसकावून लावतो आणि त्या टापूत येणाऱ्या मादीशी त्याचे मीलन होते. त्याचे सारे गृहस्थजीवन उडण्याच्या ताकदीवर अवलंबून असते.

यांपैकी काही चतुरांच्या आतड्यात 'ग्रेगारिन' नावाचे एकपेशीय जीव राहतात. हे हिवतापाच्या परोपजीवीचे दूरचे भाऊबंद होत. ते आतड्याच्या पोकळीतच राहतात, रक्तात वा स्नायूत जात नाहीत. तरीही अशा चतुरांच्या रक्तद्रवातील शर्करेचे प्रमाण निरोगी चतुरांच्या सुमारे दुप्पट आढळले. उडण्याच्या स्नायूंना चरबी जाळता येईना आणि ती शरीरात साठत गेली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लठ्ठ माणसाच्या शरीरात जे बिघाड दिसतात, त्यांच्याशी याचे साम्य इतके होते की संशोधकांनी त्याला तेच वैद्यकीय नाव दिले. असा चतुर पाहणाऱ्याला धडधाकटच दिसतो. परंतु टापूच्या झुंजीत तो हरतो, आणि ज्याला टापू नाही त्याला संततीही नाही.

'सशक्त' या शब्दाचा जीवशास्त्रातील अर्थ येथे स्पष्ट होतो. किती काळ जगला यापेक्षा मागे किती संतती ठेवली, यावर निसर्ग हिशेब मांडतो. सारे आयुष्य जगून निःसंतान राहिलेला चतुर आणि अंड्यातच मेलेला चतुर यांत निसर्गाच्या खतावणीत काही फरक नाही.

उपासमारीशी हातमिळवणी

या विषयावरील सर्वांत बोलके संशोधन बंबलबी या थंड प्रदेशातील केसाळ, गुबगुबीत माशीवर झालेले आहे. आपल्याकडे ती हिमालयात आढळते; महाराष्ट्रात लाकूड पोखरणारा जो काळा भुंगा दिसतो तो वेगळा. या माशीच्या आतड्यात 'क्रिथिडिया' नावाचा शेपटीवाला एकपेशीय जीव राहतो. काळा आजार आणि आफ्रिकेतील निद्रारोग यांचे जंतू ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातला हाही. एका माशीने फुलावर टाकलेल्या विष्ठेतून तो त्याच फुलावर येणाऱ्या दुसऱ्या माशीपर्यंत पोचतो.

झ्युरिक येथील श्मिड-हेम्पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परोपजीवीचा अनेक वर्षे अभ्यास केला. पोटभर अन्न मिळणाऱ्या कामकरी माश्यांवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, असे प्रथम दिसले. एखाद्या संशोधकाने तेवढ्यावर निरुपद्रवी असा शेरा मारून फाईल बंद केली असती. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी माश्यांचे अन्न तोडले, आणि लागण झालेल्या माश्यांचा मृत्युदर निरोगी माश्यांपेक्षा ५० टक्क्यांनी वाढला. पुढे २००३ मध्ये त्यांनी राणीमाश्यांचा हिशेब मांडला. हिवाळाभर जमिनीत निद्रिस्त राहून वसंतात एकटीने नवी वसाहत उभारणारी राणी ही या जातीच्या जीवनक्रमातील सर्वांत नाजूक दुवा. लागण झालेल्या राण्या वसाहत उभारण्यात अधिक प्रमाणात अपयशी ठरल्या, ज्यांना ती उभारता आली त्यांच्या वसाहती लहान राहिल्या, आणि एकंदर प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटली.

तोच परोपजीवी सुकाळात पाहुणा असतो आणि दुष्काळात सावकार होतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे अर्थशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही. सुगीत कर्जाचा हप्ता जाणवत नाही. दोन पावसाळे कोरडे गेले की तोच हप्ता घर बुडवितो.

याच माशीवरील इतर प्रयोगांतून आणखी दोन गोष्टी हाती आल्या. पहिली अशी की, लागण झालेल्या माश्या कोणत्या रंगाच्या फुलात मध आहे हे उशिरा शिकतात. शेवटच्या बाकावरील मुलाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. दुसरी गोष्ट आशादायक आहे. कोख व श्मिड-हेम्पेल यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, आतड्यात नैसर्गिकपणे राहणारे उपकारक जिवाणू या परोपजीवीला आवर घालतात. हे जिवाणू नव्या माशीला जन्मतः मिळत नाहीत, तर पोळ्यातील वडीलधाऱ्या माश्यांच्या विष्ठेच्या संपर्कातून मिळतात. त्यापासून दूर ठेवलेल्या माश्यांत रोग बळावला. माशीचे आरोग्य ही तिची एकटीची मालमत्ता नसून घराण्याकडून आलेली मिरास आहे, असे म्हणावे लागते. अन्नाचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत सूर्यफुलाचा पराग खाणाऱ्या बंबलबीच्या आतड्यातील क्रिथिडियाची संख्या लक्षणीय प्रमाणात घटली. फुलांची विविधता हे माशीचे जेवणही आहे आणि औषधही.

पेटीबरोबर रोगाची निर्यात

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात काचघरातील टोमॅटोच्या परागीभवनासाठी बंबलबीच्या वसाहती कारखान्यात वाढवून विकण्याचा धंदा सुरू झाला आणि पाहता पाहता तो अनेक देशांत पसरला. चिलीने १९९८ मध्ये या युरोपीय माश्या आणल्या. काही वर्षांतच त्या अँडीज ओलांडून अर्जेंटिनाच्या पाटागोनियात शिरल्या. तेथे जगातील सर्वांत मोठ्या बंबलबींपैकी एक, नारिंगी रंगाची देशी माशी राहत असे. नवी माशी जेथे पोचली तेथून ही देशी माशी झपाट्याने नाहीशी होत गेली. आगंतुक माशीबरोबर 'एपिसिस्टिस' नावाचा, आतड्यावाटे शिरणारा परोपजीवीही त्या प्रदेशात आला, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. अन्नासाठीची स्पर्धा आणि नवा रोग यांपैकी कोणाचा वाटा किती, याचा वाद असू शकतो. परंतु दार उघडले ते व्यापाराने, याविषयी वाद नाही.

त्याच वर्षी ब्रिटनमधील तपासणीचे निष्कर्षही बाहेर आले. परोपजीवीमुक्त म्हणून विकल्या गेलेल्या ४८ पेट्या संशोधकांनी विकत घेऊन तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ७७ टक्के पेट्यांत कोणता ना कोणता परोपजीवी निघाला. प्रमाणपत्र होते, तपासणी नव्हती. दीडशे वर्षांपूर्वी पाश्चरने जो धडा शिकविला, तो प्रगत देशांतील उद्योगालाही पुन्हा गिरवावा लागावा, ही खेदाची गोष्ट आहे.

नाण्याची दुसरी बाजू

परोपजीवी सर्वत्र शत्रूच असतो असेही नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. आपण या शोधाकडे माणसाच्या बाजूने पाहतो. परंतु डासाच्या बाजूने पाहिल्यास तोही आतड्यात परोपजीवी बाळगणारा एक रोगीच होय, आणि अशा डासाची अंडी घालण्याची क्षमता कमी होते. २०२० मध्ये केनियात असे दिसून आले की, काही डासांत नोसेमाच्याच वर्गातील एक परोपजीवी आईकडून पिलांत उतरतो, डासाला फारसा त्रास देत नाही, मात्र हिवतापाच्या जंतूला थारा देत नाही. नाकतोड्यांत आणि टोळांत भूक आणि अंडी कमी करणारा नोसेमाचा एक प्रकार तर अमेरिकेत १९८० सालापासून कोंड्यातून आमिष म्हणून देण्याची परवानगी आहे. तो टोळ लगेच मारीत नाही, म्हणून शेतकऱ्याला फवारणीइतका पसंत पडत नाही. न मारणारे शस्त्र हे शस्त्रच नव्हे, हा समज येथेही आडवा येतो.

आपल्यापुढील प्रश्न

या साऱ्याचा महाराष्ट्राशी संबंध अगदी निकटचा आहे. मराठवाड्यात बीड-जालन्याकडे अलीकडच्या काळात तुतीची लागवड आणि रेशीम उत्पादन वाढले असून अनेक लहान शेतकऱ्यांच्या हाती त्यातून रोख पैसा येतो. विदर्भात भंडारा-गडचिरोलीच्या रानात ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पोसण्याचा व्यवसाय ढीवर समाज पिढ्यान्पिढ्या करीत आला आहे. तुतीच्या अळ्यांचे घर औषधाने धुता येते. रानातील झाड धुता येत नाही. म्हणून टसरच्या बाबतीत अंडीपुंज निर्दोष असणे हाच रोगाविरुद्धचा मुख्य बांध उरतो. बांध फुटला तर शेतकऱ्याला ते महिन्याभराने, पाला संपल्यावर आणि मेहनत खर्ची पडल्यावर कळते.

कायद्याची उणीव नाही. केंद्रीय रेशीम मंडळाच्या कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती होऊन रेशीम बीजाच्या दर्जावर नियंत्रण आणण्यात आले. परंतु रोगमुक्त अंडीपुंज हा शिक्का खरा की खोटा, हे शेवटी ठरते ते सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बसलेल्या एका सामान्य कर्मचाऱ्याच्या चिकाटीवर. दिवसभरात शेकडो पतंग कुटून पाहणे हे कंटाळवाणे काम आहे. त्यात गौरव नाही, छायाचित्र नाही. नमुने घाईने उरकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आणि ती घाई पकडली जाण्याचा संभवही कमी, कारण दोष नेहमी हवामानावर वा शेतकऱ्याच्या हलगर्जीपणावर ढकलता येतो. म्हणून अशा पदांवर पुरेशी माणसे, चांगली उपकरणे आणि अधूनमधून दुसऱ्या हाताने फेरतपासणी यांची तरतूद हवी. पाश्चरने आपली भाकिते बंद लखोट्यात ठेवली होती. प्रत्येक बीजागाराने तपासलेल्या गटांचे अंदाज आणि शेतावरील प्रत्यक्ष उत्पादन यांचा ताळा दरवर्षी जाहीर करावा, अशी अपेक्षा करण्यात काहीच गैर नाही.

मधमाश्यांचीही हीच स्थिती आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. त्याच वर्षी तेव्हाच्या पंजाबात नगरोटा येथे युरोपीय मधमाशी प्रथम यशस्वीपणे रुजली, आणि आज तिच्या पेट्या ट्रकांवर लादून फुलोऱ्यामागे राज्याराज्यांतून फिरतात. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जेथे पेट्या फिरतात तेथे रोगही फिरतो. परजिल्ह्यातून येणाऱ्या पेटीतील मूठभर माश्यांची आतडी कुटून बीजाणू पाहणे ही काही खर्चाची गोष्ट नाही. शाळा-महाविद्यालयांतील सूक्ष्मदर्शक त्यासाठी पुरतो, आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील आकृती वहीत उतरविण्यापेक्षा हे काम अधिक शिकवील.

कीटकनाशकांचा प्रश्न याहून कठीण आहे. एखादे औषध माशीला घातक आहे की नाही, हे ठरविताना ते सामान्यतः निरोगी, पोटभर खाल्लेल्या माश्यांवर तपासले जाते. आव्हिन्याँ येथील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले की, नोसेमा आणि इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक एकत्र आले तर एकेकट्यापेक्षा अधिक माश्या मरतात. इमिडाक्लोप्रिड हे नाव आपल्या कापूस उत्पादकाला नवे नाही. शेतातील माशी प्रयोगशाळेतील माशीसारखी सुस्थितीत नसते. ती अर्धपोटी असते, तिच्या आतड्यात बीजाणू असतात, आणि वर फवारा पडतो. ज्या परीक्षेत केवळ सशक्तांनाच बसविले जाते, त्या परीक्षेच्या निकालावर दुर्बलांचे भवितव्य सोपविणे हे विज्ञानही नव्हे आणि न्यायही नव्हे.

उपाय त्या मानाने साधे आहेत. बांधावर, रस्त्याकडेला आणि देवराईत बारमाही फुलणारी देशी झाडेझुडपे राहू देणे, एकपिकी पट्ट्यांत मधमाश्यांना अन्नाचा उपवास पडणार नाही असे पाहणे, अंडी आणि पेट्या यांची खरी तपासणी करणे, आणि फवारणीला परवानगी देताना रोगट, भुकेल्या कीटकाचाही विचार करणे. यांपैकी एकही गोष्ट नव्या शोधाची वाट पाहत अडलेली नाही. अडलेली आहे ती एका जुन्या समजुतीपाशी, की जो मेला नाही तो निरोगी आहे. ही समजूत शिक्षकाने आपल्या वर्गात केव्हाच सोडून दिली आहे. शेतीचे आणि उद्योगाचे धोरण ठरविणाऱ्यांनीही ती आता सोडावयास हवी.